टाळूवरचा गाल

हिंगोलीत लहान मुलांचा डॉक्टर म्हणून दवाखाना चालवायचा, तर तेलाशी भांडण ठरलेलं असतं. नवजात बाळाच्या डोक्यावर मधोमध जी मऊ जागा असते, ती टाळू, माझ्यासाठी खिडकी आहे. तिथं कवटीची हाडं अजून जुळलेली नसतात. सोनोग्राफीचा लहानसा प्रोब त्या जागेवर टेकवला की आतला मेंदू पडद्यावर दिसतो. आणि आमच्याकडच्या आज्या नेमकी तीच खिडकी करडईच्या तेलानं लिंपून ठेवतात. प्रोब घसरतो, मी चिडतो, आज्या हसतात. "टाळू भरल्याबिगर लेकरू नीट व्हतं का कुठं, साहेब?" असं मला दर आठवड्याला कुणीतरी ऐकवतंच.

मी मूळचा औंढ्याचा. नाव प्रज्ञेश रणवीर. वडील शाळेत शिक्षक होते. कुणी आमच्या दारावर लिंबू-मिरची बांधून गेलं, तर वडील ती सोडायचे आणि मिरच्या आईला फोडणीसाठी द्यायचे. अशा घरात मी वाढलो. पुढे पुण्यात शिकलो, आणि तिथं कमी दिवसांच्या बाळांच्या मेंदूला होणारी इजा हाच माझा विषय झाला. परत येऊन नांदेड रस्त्याला दवाखाना काढला. खाली तपासणीची खोली, वर नर्सरी. नर्सरी म्हणजे काचेच्या पेट्यांची, उबदार, कमी उजेडाची खोली. सातव्या-आठव्या महिन्यात जन्मलेली बाळं तिथं असतात. हे सगळं अशासाठी सांगतोय, की पुढची हकीकत सांगणारा माणूस कोण आहे ते आधी कळावं.

ती बाळं वाचतात. पूर्वी वाचत नव्हती, आता बहुतेक वाचतात. प्रश्न नंतरचा असतो.

प्रतिक्षा माझ्याकडे आली तेव्हा हळदीचा हंगाम होता. गावागावांत कढया पेटल्या होत्या आणि शिजत्या हळदीचा ओला, मातकट वास शहरातसुद्धा येत होता. तिची आई ज्योती सिद्धेश्वर धरणाजवळच्या वस्तीतली. ज्योतीला ताप भरलेला, पाणी आधीच गेलेलं, आणि सातव्या महिन्यातच बाळंतपण झालेलं. आईची तब्येत फार बिघडली म्हणून तिला नांदेडला हलवलं आणि बाळ माझ्याकडे आलं. बाळाचा बाप भागवत धरणात मासे धरायचा. तो कधी नांदेडला तर कधी हिंगोलीला पळत होता. बाळापाशी राहिली ती त्याची आई, मंजुळाबाई.

उंच, काटक बाई. जवळा गावच्या बाजारात तिनं सगळं आयुष्य मासे विकले होते. डोक्यावर टोपलं घेऊन चालायची सवय इतकी मुरलेली, की रिकाम्या डोक्यानं चालतानाही तिची मान हलत नसे. नर्सरीचा जिना ती एका दमात चढायची आणि वर आल्यावर माझ्या तरुण नर्सला, सेवा सिस्टरला, विचारायची, "दमलीस का गं पोरी?"

पहिल्या आठवड्यातल्या सोनोग्राफीत मला बाळाच्या मेंदूतल्या पोकळ्यांच्या कडेला पांढुरके ढग दिसले. त्यांचा अर्थ मला ठाऊक होता. पुढे त्या ढगांच्या जागी काळी छिद्रं पडली. डावीकडे एकाला लागून एक अशी तीन, ज्वारीच्या दाण्यांएवढी. उजवीकडे एकच, लांबट, चवळीच्या दाण्यासारखं वाकलेलं. पायांकडे जाणाऱ्या तारा मेंदूत नेमक्या तिथून जातात. अशी मुलं जगतात, हसतात, बोलतात. पण त्यांचे पाय ताठ होतात, गुडघे एकमेकांना घासतात, आणि चालता आलंच तर चवड्यांवर, कुणाच्या तरी आधारानं.

घरच्यांना हे सांगणं माझं काम असतं. मी ते कधी टाळत नाही आणि गुळमुळीतही बोलत नाही. मंजुळाबाईंना खाली माझ्या खोलीत बसवलं आणि त्यांना कळेल असं सांगितलं.

"आजी, आपल्या मेंदूत राखणदार पेशी असतात. मायक्रोग्लिया म्हणतात त्यांना. कचरा उचलायचा, रोगजंतू आले तर लढायचं, हे त्यांचं काम. ज्योतीच्या पोटात ताप होता, तो बाळापर्यंत गेला, आणि ह्या पेशी खवळल्या. बाळ अजून पुरतं तयार नव्हतं. खवळलेल्या राखणदारांनी आतली कोवळी जागाच खराब केली."

त्या म्हणाल्या, "म्हंजे रानात जागल्या ठिवला, अन् डुकरं आली म्हून त्यानंच पीक तुडवलं."

"बरोबर."

"मग जागल्या बदला की."

मला हसू आलं. "तसं होत नसतं आजी. आई गरोदर आहे हे तिचं तिला कळायच्या सुमारास ह्या पेशी बाळाच्या मेंदूत जाऊन बसतात. नंतर बाहेरून कुणी आत जात नाही."

"जात न्हाई?" त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "टाळू तर उघडीच हाय."

मी पुढच्या पेशंटला हाक मारली.

कमी दिवसांच्या बाळाला कुणाच्या तरी उघड्या छातीशी धरून ठेवायचं असतं. आम्ही त्याला कांगारू म्हणतो. आई नसेल तर आजी चालते, बापही चालतो. उबेनं, वासानं, हृदयाच्या ठोक्यांनी बाळ स्थिर होतं, हे जगभर सिद्ध झालेलं आहे. मंजुळाबाईंनी हात-अंग धुतलं, खुर्चीत रेलल्या, आणि सेवानं ते एवढंसं बाळ त्यांच्या छातीवर ठेवून वरून जुनं पातळ बांधलं. मंजुळाबाईंनी मान वाकवून आपला डावा गाल बाळाच्या टाळूवर टेकवला आणि डोळे मिटले.

त्या तशा बसल्या, की उठतच नसत. इतर बाया पाठ अवघडली म्हणून हलतात, बोलतात, फोन बघतात. ह्या दुपारभर एका जागी. खोलीत माशांचा नाही, पण पाण्याचा वास यायचा, धरणाच्या कडेला सकाळी येतो तसा. सेवाला तो वास आवडायचा.

"सर," ती एकदा म्हणाली, "बाळ आजींकडे असलं की मशीन ओरडतच नाही. पेटीत ठेवलं की श्वास विसरतं, आजींकडे दिलं की नाही."

"कांगारूनं तसं होतंच," मी म्हणालो. ते खरंही होतं.

पुढच्या तपासणीत छिद्रं मला लहान वाटली. प्रोबचा कोन चुकला असेल म्हणून मी पुन्हा पाहिलं. त्यानंतरच्या तपासणीत डावीकडचं एक छिद्र सापडलंच नाही. ह्यानं मी हुरळलो नाही. अशी छिद्रं कालांतरानं मिटतात, पण ते बरं होणं नसतं. आजूबाजूचा भाग आक्रसतो, मधल्या पोकळ्या रुंदावतात, आणि नुकसान तसंच राहतं. म्हणून मी पोकळ्या मोजल्या. त्या रुंदावल्या नव्हत्या. चिरेसारख्या बारीक, जशा निरोगी बाळाच्या असाव्यात तशा होत्या. त्यांच्या कडेचा भाग भरीव होता.

मेंदूचा गेलेला भाग परत येत नाही. हे माझं मत नाही, असंच आहे. मी स्वतःला म्हणालो, की सुरुवातीला आपण वाचण्यात चूक केली. पण चित्रं माझ्याकडे होती आणि त्यांत चूक नव्हती.

त्याच आठवड्यात सकाळी मी जिन्याच्या खाली उभा होतो आणि मंजुळाबाई वर चालल्या होत्या. त्यांनी कठडा धरला होता. ह्याआधी त्यांनी तो कधी धरलेला मी पाहिला नव्हता. एक पाय उचलून वरच्या पायरीवर टेकवताना त्यांचा गुडघा दुसऱ्या गुडघ्याला घासला. लुगड्याचा घोळ अडकला. त्यांनी थांबून तो सोडवला आणि पुन्हा पाय उचलला.

"आजी, काय झालं?"

"काय न्हाई. पाय आखडलेत."

मी त्यांना तपासलं. गुडघ्याखाली हातोडी टेकवताच पाय झटक्यानं उडाला. तळव्यावर टोकदार वस्तू ओढली तर अंगठा खाली वळायच्या ऐवजी वर गेला. मोठ्या माणसात ह्याचा अर्थ एकच, मेंदूकडून पायाकडे येणाऱ्या तारांना कुठंतरी धक्का लागला आहे. मानेत, पाठीत किंवा डोक्यात. ह्या वयात कारणांची कमी नसते. मी भागवतला बोलावलं आणि त्यांना एमआरआयसाठी नांदेडला पाठवलं.

संध्याकाळी तिथल्या रेडिओलॉजिस्टचा फोन आला. आम्ही पुण्यात एकत्र शिकलो होतो.

"प्रज्ञेश, तुझ्या त्या आजी. मान, पाठ एकदम चांगली. पण मेंदूत जुनं आहे."

"जुनं म्हणजे?"

"जन्मापासूनचं. बाई सातव्या महिन्यात जन्मली असणार. पोकळ्यांच्या कडेला छिद्रं आहेत, लहान मुलांत असतात तशी. आयुष्यभर कधी सरळ चालली नसेल बिचारी."

"परवापर्यंत टोपलं घेऊन चालत होती."

त्यानं नाव-वय पुन्हा विचारून घेतलं. मग म्हणाला, "नाही रे. शक्यच नाही."

त्यानं चित्रं पाठवली. मी ती पडद्याच्या एका बाजूला लावली आणि दुसऱ्या बाजूला प्रतिक्षाची पहिली सोनोग्राफी. मोठ्या माणसाचा एमआरआय आणि तान्ह्या बाळाची सोनोग्राफी ह्यांची तुलना करू नये हे मला माहीत आहे. तरी मी केली. डावीकडे एकाला लागून एक, दोन मोठी, तिसरं नुकतंच सुरू झाल्यासारखं. उजवीकडे एकच, लांबट.

चवळीच्या दाण्यासारखं वाकलेलं.

मी पडदा बंद केला आणि खाली ओपीडीत जाऊन रांगेतली सगळी मुलं तपासली. खोकला, जुलाब, लसी. हात व्यवस्थित चालत होते. योगायोग आहे असं मला वाटत होतं, आणि योगायोग पारखायची एक रीत असते. एक गोष्ट बदलायची आणि काय होतं ते बघायचं.

ज्योती तोवर बरी होऊन नांदेडहून आली होती. अशक्त, पण ताप गेलेला. मी मंजुळाबाईंना सांगितलं, तुम्ही आता विश्रांती घ्या, बाळाला आई धरील. त्यांनी ऐकलं. बाहेरच्या बाकावर बसून राहायला लागल्या. ज्योतीनं लेकीला पहिल्यांदा छातीशी धरलं तेव्हा ती रडली, सेवाही रडली, आणि मला बरं वाटलं.

मंजुळाबाईंचे पाय होते तिथंच थांबले. जास्त बिघडले नाहीत.

काही दिवसांनी सेवा माझ्याकडे आली. "सर, लंगोट बदलताना बाळाचे गुडघे सुटत नाहीत. पहिल्यासारखे घट्ट झालेत."

मी सोनोग्राफी केली. डावीकडे, पूर्वी जिथं छिद्र होतं, नेमक्या त्याच जागी एक काळा ठिपका होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी मंजुळाबाई माझ्या खोलीत आल्या. भागवतनं त्यांना दंडाला धरून आणलं होतं. खिडकीतून हळदीचा वास येत होता. त्या खुर्चीत बसल्या आणि सरळ विचारलं.

"साहेब, लेकरू माझ्याकडं काहून देईना झालात?"

"तुमच्या पायांना तकलीफ आहे आजी. आधी त्याचा इलाज करू."

"माझ्या पायांचं मला म्हाईत हाय."

"काय माहीत आहे?"

"कुठं जाऊन राहिले ते."

भागवत आमच्या दोघांकडे आळीपाळीनं पाहत होता. त्याला काही कळलेलं नव्हतं. "माय, काहीबाही नको बोलू. साहेबाला त्यांचं काम करू दे."

"आजी," मी म्हणालो, "तुमच्या दुखण्याचा आणि बाळाचा काही संबंध नाही."

"न्हाई ना?"

"नाही."

"मग द्या की."

संबंध नसेल, तर त्यांना बाळ धरू न देण्याचं कुठलंच कारण माझ्याकडे नव्हतं. उलट बाळाला त्यांच्याजवळ बरं वाटतं हे लिहून ठेवण्यासारखं दिसत होतं. आणि नाही म्हणायचं, तर संबंध आहे असं मला म्हणावं लागलं असतं. भागवतसमोर, सेवासमोर, स्वतःसमोर.

मी सेवाला हाक मारली आणि बाळ आजींकडे द्यायला सांगितलं. तो निर्णय चुकला असं मला आजही वाटत नाही. दुसरा निर्णय मी कुठल्या पुस्तकाच्या आधारानं घेणार होतो?

मंजुळाबाईंनी गाल टाळूवर टेकवला. त्या दिवशी उठताना त्यांना दोघांनी मिळून उचललं.

प्रतिक्षा घरी गेली तेव्हा तिच्या मेंदूत एकही छिद्र नव्हतं. मंजुळाबाईंना चाकाच्या खुर्चीत बसवून जिन्यावरून उचलून खाली आणलं. रिक्षात बसल्यावर त्यांनी मला हात जोडले आणि हसल्या. बाजारात माल लवकर खपल्यावर बाया हसतात तसं मोकळं हसल्या.

थंडीत एका रविवारी मी त्यांच्या घरी गेलो. अशा बाळांना वर्षाच्या आत पुन्हा बघावं लागतं आणि मंजुळाबाईंना दवाखान्यात आणणं अवघड झालं होतं. औंढ्यात देवळासमोर यात्रेकरूंच्या गाड्या लागल्या होत्या. तिथून सिद्धेश्वरचा रस्ता धरला. वस्ती धरणाच्या भिंतीच्या खालच्या अंगाला आहे. दारांपुढे जाळी वाळत होती, थर्माकोलचे तराफे भिंतींना टेकवून ठेवले होते. ऊन छान पडलं होतं.

मंजुळाबाई अंगणात बाजेवर होत्या. पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढलेले, ताठ. मी ते सोडवायचा प्रयत्न केला तर लाकडासारखे लागले. चेहरा मात्र तजेलदार होता.

"कसं आहे, आजी?"

"झ्याक हाय. बसा. ज्योते, च्या ठिव."

"पाय फार दुखतात का?"

"दुखाया पाय कुठं हायेत मला?" त्या म्हणाल्या. मग हनुवटीनं अंगणाकडे खूण केली. "पण लांब न्हाई गेले. घरातच हायेत."

प्रतिक्षा अंगणात चालत होती. वर्षाच्या आत, तेही दोन-अडीच महिने आधी जन्मलेलं मूल चालत होतं. टाचा पुऱ्या टेकत होत्या. मान स्थिर होती. एक हात तिनं डोक्याशी वर धरला होता आणि कमरेत किंचित हेलकावा देत ती तुळशीपासून दारापर्यंत आली.

ज्योतीनं चहा आणला. "बघा ना साहेब. माय जवळ्याच्या बाजाराला जायची ना, बराबर तशीच चालती. टोपलं तेवढं न्हाई डोक्यावर."

"नवीन चालणारी मुलं हात वर धरतात," मी म्हणालो. "तोल सांभाळायला."

हेही खरं आहे. दोन्ही हात धरतात.

ज्योतीनं मंजुळाबाईंना भिंतीकडे कुशीवर वळवलं होतं; त्यांची पाठ मुलीकडे होती आणि डोळे मिटलेले होते. "पडंल," त्या एकाएकी म्हणाल्या आणि बाजेची कड घट्ट धरली. मी वळून पाहिलं. प्रतिक्षा उभी होती. मग तिचा पाय दगडावर घसरला आणि ती पडली.

मी चहा प्यालो, मुलीची तपासणी केली, सगळं उत्तम आहे असं सांगितलं आणि निघालो. गाडी चालवताना मी माझ्या मनाशी हिशेब मांडला. एक बाळ अपेक्षेपेक्षा चांगलं सुधारलं. एका म्हाताऱ्या बाईला मेंदूचा विरळा आजार झाला. दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या घडतात. त्या एका घरात घडल्या. औंढा येईपर्यंत माझं मन शांत झालं होतं.

पुढच्या पावसाळ्यात मंजुळाबाई गेल्या. न्यूमोनिया झाला होता. भागवतनं फोनवर सांगितलं, की शेवटपर्यंत नात त्यांच्या बाजेवर झोपायची.

प्रतिक्षा तीन वर्षांची झाली त्या सुमारास ज्योतीला पुन्हा दिवस गेले, आणि पुन्हा तेच झालं. ताप, आधीच गेलेलं पाणी, सातवा महिना. ह्या वेळी आई लवकर सावरली. मुलगा झाला. त्याचं नाव त्यांनी आयुष ठेवलं.

आयुषच्या मेंदूतही ढग आले, मग छिद्रं पडली. बहिणीपेक्षा वेगळ्या जागी, वेगळ्या आकाराची. मला वाईट वाटलं, पण खरं सांगायचं तर थोडी सुटका झाल्यासारखंही वाटलं. हे माझ्या ओळखीचं होतं.

ज्योतीनं त्याला रोज छातीशी धरलं. मी रोज तिच्या पायांकडे पाहिलं. ती जिना भराभर चढायची, भराभर उतरायची.

छिद्रं हलली नाहीत. पुस्तकात लिहिल्याप्रमाणे वाढली, पुस्तकात लिहिल्याप्रमाणे थांबली. बाळ घरी जाताना मी ज्योती आणि भागवतला समोर बसवून सगळं स्पष्ट सांगितलं. पाय ताठ होतील, व्यायाम लवकर सुरू करायचा, आशा सोडायची नाही.

ज्योतीनं विचारलं, "ताईसारखं न्हाई का व्हणार?"

"प्रत्येक मूल वेगळं असतं," मी म्हणालो.

काही आठवड्यांनी ती आयुषला घेऊन तपासणीला आली. दुपारची वेळ होती, ओपीडी रिकामी होत आली होती. टाळूवर तेल नव्हतं. तिथली त्वचा गरम होती आणि एका बाजूला गुलाबी झाली होती, काहीतरी बराच वेळ टेकून असल्यासारखी. मी प्रोब ठेवला.

डावी बाजू. उजवी बाजू. पुन्हा डावी.

छिद्रं नव्हती. पोकळ्या चिरेसारख्या बारीक होत्या.

मी प्रोब पुसला आणि ज्योतीला म्हणालो, "जरा दारापर्यंत चालून दाखव."

ती गोंधळली, पण चालली. टाचा टेकत होत्या. मी तिला टेबलावर बसवून गुडघ्याखाली हातोडी टेकवली. पाय जेवढा हलायला हवा तेवढाच हलला. तळवा तपासला. अंगठा खाली वळला.

"मला काय झालंय का, साहेब?"

"नाही. काहीच नाही." मी हसलो. कितीतरी दिवसांनी इतकं मोकळं हसलो. आई धडधाकट होती आणि बाळही सुधारत होतं. म्हणजे कधीकधी असं आपोआप होतं. आपल्याला अजून कळलेलं नाही, एवढंच. तेव्हाही तसंच झालं होतं. मी पुण्यातल्या माझ्या शिक्षकांना कळवायचं ठरवलं.

"छान सांभाळलंस," मी म्हणालो. "दिवसभर छातीशीच धरतेस ना?"

"मी?" ज्योती बाळाला दुपट्यात गुंडाळत होती. "मला कुठं येळ हाय, साहेब. मासे सोलायचे, बाजार करायचा. त्याची ताईच घिऊन बसती. झगा वर करती अन् छातीवर निजवती. कुणी शिकवलं काय म्हाईत. गाल लावून अशी बसती, की हाक मारली तरी वर बघत न्हाई."

मी पुसलेला प्रोब पुन्हा पुसला.

"बरं, एक इचारायचं व्हतं." तिनं पिशवीत हात घातला. "मागल्या महिन्यात औंढ्याहून तिला नव्या चपला घेतल्या. म्या दुकानदाराला परत दाखवल्या, तर तो म्हणतो, चप्पल चांगली हाय बाई, पोरगी काहून अशी चालती ते डाक्टरला इचारा."

तिनं गुलाबी रंगाच्या दोन लहान चपला टेबलावर ठेवल्या.

मी त्या उलट्या केल्या. टाचांखालची नक्षी कोरी होती. किमतीचा कागदसुद्धा निघाला नव्हता. पुढे, बोटांच्या जागी, रबर आरपार झिजलं होतं.